जास्त ऑक्सिजन? लोणावळ्यात १०० वर्षांपूर्वी सुरू झालेली एक तपासणी

आज सुरुवातीलाच एक काम सांगतो. मनगटावर स्मार्टवॉच असेल तर त्यात रक्तातला ऑक्सिजन बघा. तब्येत ठीक असेल तर आकडा साधारण ९५ ते ९९ टक्क्यांमध्ये दिसेल. म्हणजे टाकी जवळपास भरलेलीच आहे. मग "प्राणायामाने शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो" हे जे आपण शाळेपासून ऐकतोय, त्याचं काय?

मला हा प्रश्न एका रिलीजच्या रात्री पडला. डिप्लॉयमेंट दोनदा फसलेलं, छाती धडधडत होती. मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि भराभर, जोरजोरात श्वास घेत सुटलो. दोन मिनिटांत बोटांना मुंग्या आल्या, डोकं गरगरायला लागलं. वाटलं, ऑक्सिजन चढला! खरं तर भलतंच झालं होतं. असा श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको तितका बाहेर पडतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते.

मग वाचायला लागलो, आणि एक नाव सापडलं: जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३, गुजरातमधल्या डभोईचा, घर मराठी. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला हुशार विद्यार्थी. बडोद्यात राजरत्न माणिकरावांकडे व्यायाम शिकले, अमळनेरला शिकवलं आणि नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासांकडे योग शिकले. पुढे सगळे त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागले.

आता बघा, योगाचा फायदा त्यांनी स्वतः अनुभवला होता. तेवढ्यावर प्रवचनं देत आयुष्य काढता आलं असतं. पण त्यांना कळून घ्यायचं होतं की आत नेमकं होतं काय. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी बडोद्याच्या हॉस्पिटलात उड्डियान आणि नौली करणाऱ्यांचे एक्स-रे काढून घेतले. १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभं राहिलं, आणि त्याच वर्षी प्रयोगांचे निष्कर्ष छापायला 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू झालं. योगाच्या आश्रमात प्रयोगशाळा! त्या काळी ही कल्पनाच नवी होती.

आपल्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. श्वासातल्या वायूंची मोजमापं घेतली, तेव्हा जास्त ऑक्सिजनची समजूत टिकली नाही. कुवलयानंदांनी हे झाकून ठेवलं नाही. प्राणायामाचं मोल ऑक्सिजनमध्ये कमी आणि मज्जासंस्थेला वळण लावण्यात जास्त आहे, अशी मांडणी त्यांनी केली. ज्या गोष्टीवर आपली श्रद्धा आहे, तिच्याबद्दलचा लोकप्रिय दावा आपल्याच आकड्यांमुळे सोडून देणं सोपं नसतं. कोड रिव्ह्यूमध्ये स्वतःची चूक मान्य करतानासुद्धा आपला घसा सुकतो!

मग फायदा होतो कशाने? संथपणाने. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाला ब्रेक लावते. एरवी आपण मिनिटाला १२ ते १६ श्वास घेतो. तो वेग ६ च्या आसपास आणला, की श्वास आणि रक्तदाब यांची लय जुळते. २००१ मध्ये इटलीच्या लुचियानो बर्नार्दी यांच्या गटाने २३ जणांवर प्रयोग केला. लॅटिन जपमाळ म्हणा किंवा 'ॐ मणि पद्मे हूँ', दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ येत होता, आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा जास्त तत्पर होत होती.

गंमत म्हणजे आपले जुने ग्रंथही घाई करा असं म्हणत नाहीत. पतंजलींच्या क्रमात आधी आसन स्थिर, मग प्राणायाम. हठप्रदीपिका तर बजावते की श्वास हळूहळूच ताब्यात घ्यावा. चुकीच्या पद्धतीने केला तर उचकी, खोकला, डोकेदुखी मागे लागते. माझी ती रिलीजची रात्र आठवा!

हे सगळं मी आज का सांगतोय? आमच्या आईला बीपी आहे. एक फॉरवर्ड वाचून ती म्हणाली, "आता प्राणायाम करते, गोळी बंद." मी वाद घातला नाही. बीपीचं मशीन आणलं आणि म्हटलं, "आई, गोळी चालू ठेव, श्वासही कर, आणि रोजचा आकडा वहीत लिही. पुढचं डॉक्टर ठरवतील." आता ती सकाळी पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर, अशी दहा मिनिटं बसते. श्वास रोखत नाही, जोर लावत नाही. मग चष्मा लावून आकडा लिहिते.

मला ती वही बघितली की लोणावळा आठवतं. श्रद्धा असू द्या, पण मोजायला घाबरू नका.

आज रात्री फोन बाजूला ठेवून दहाच श्वास घेऊन बघा, सावकाश. चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच थांबा. भेटू पुढच्या भागात!