शंभरांतलीं अठरा मुलें

दिवाळीच्या पाडव्यास वहीपूजन करणारा वाणी गतसालच्या व यंदाच्या गिऱ्हाइकांची नुसती बेरीज ताडून पाहील, तर फसेल. गतवर्षीं शंभर, यंदाही शंभर. पण जुन्यांतलीं चाळीस तुटलीं आणि तितकींच नवीं जोडलीं गेलीं, हें बेरीज सांगत नाहीं. त्यासाठीं एकेका सालीं प्रथम आलेल्यांची तुकडी निराळी मांडून, तिच्यांतलें कोण टिकलें हें पुढें वर्षानुवर्षें पहावें लागतें. व्यापाऱ्यांस आज ही रीत अपूर्व वाटते. शाळामास्तरांच्या जगांत मात्र तिच्यावरून मोठा वाद होऊन गेलेला आहे.

सायमन कमिशनच्या साहाय्यक समितीनें, सर फिलिप हार्टॉग यांच्या अध्यक्षतेखालीं, 1929 सालीं आपला अहवाल दिला. 1922-23 मध्यें पहिलींत असलेल्या दर शंभर मुलांमागें 1925-26 मध्यें चौथींत अवघीं अठरा आढळलीं. अकालीं शाळा सोडणें हा अपव्यय, एकाच इयत्तेंत वर्षापेक्षां अधिक काळ बसणें ही स्थगिती, असे दोन दोष समितीनें दाखविले. आणि शाळांचा विस्तार करण्यापूर्वीं आहेत त्या सुधाराव्या, असा तिचा कल पडला. ज्या खेड्यांत शाळाच नव्हती, त्यास हा निवाडा भारी पडणारा होता.

आंकडा खोटा नव्हता. मांडणी फसवी होती. समजा, पहिलीच्या शंभरांत चाळीस मुलें मागल्या सालीं नापास होऊन तेथेंच बसलेलीं आहेत. खरीं नवीं साठच. दरसाल हाच क्रम चालून चौथींत अठरा नवीं मुलें पोंचत असतील, तर प्रमाण साठांस अठरा, म्हणजे शंभरीं तीस पडतें. तीस हा कांहीं मिरविण्याजोगा आंकडा नव्हे. पण तीन वर्षें पहिलींत बसलेल्या एका पोराची तीन पोरें धरणें हा न्याय नव्हे. पहिलीचा वर्ग म्हणजे त्या सालची तुकडी नव्हे, इतकेंच विसरलें गेलें.

मुंबईचे शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकर यांनीं आधीं प्रसार, मग सुधारणा, असा पक्ष निक्षून मांडला. पुढें पुण्याच्या गोखले संस्थेंतील धनंजयराव गाडगीळ व वि. म. दांडेकर यांनीं सातारा जिल्ह्यांतील प्राथमिक शिक्षणाची पाहणी केली. तिचें वृत्त 1955 सालीं प्रसिद्ध झालें. कचेरींत बसून तक्त्यांची वजाबाकी करण्याहून हा मार्ग कष्टाचा, परंतु सरळ.

वसमत तालुक्यांतील कुरुंदा हें गांव त्या अठरांच्या हिशेबांत नव्हतेंच. तो हिशेब ब्रिटिश मुलखाचा, आणि कुरुंदा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत. परभणी जिल्ह्यांतलें तें गांव 1999 पासून हिंगोलींत आलें. मराठवाड्यांतल्या शाळेंत एक जाड पुस्तक असतें, त्यास दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात. प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, कारण, सारें एका ओळींत. एका सालचीं नांवें घेऊन ओळींवरून बोट फिरविलें कीं तुकडीचा जन्मवृत्तांत हातीं येतो. निराळें शास्त्र लागत नाहीं.

2010 पासून अमलांत आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें आठवीपर्यंत नापास करणें बंद केलें. 2019 सालीं पांचवी व आठवीपुरती ती मुभा राज्यांस परत मिळाली. स्थगिती ओसरली, पण घोटाळा दुसऱ्या दारानें शिरतो. आईबापांबरोबर ऊसतोडीस गेलेलें मूल चार-पांच महिने फडावर असतें, नांव पटावर असतें, आणि खारिजाचा रकाना कोराच राहतो.