दीडपटीची कुळकथा

पेट्रोलच्या इंजिनावर उडालेलं पहिलं विमान माणसाला घेऊन उडालं नव्हतं. ते मॉडेल होतं. सॅम्युएल लँग्ली या अमेरिकी शास्त्रज्ञाने माणूस वाहून नेणाऱ्या विमानाची तयारी म्हणून मूळ आकाराच्या एक चतुर्थांश मापाचं विमान बांधलं आणि जून १९०१ मध्ये पोटोमॅक नदीतल्या तरंगत्या घराच्या छपरावरून ते हवेत सोडलं. ऑगस्ट १९०३ मध्ये, सुधारलेल्या इंजिनासह, ते पुन्हा उडालं. इंजिन होतं स्टीफन बाल्झरचं, पाच सिलिंडर चक्राच्या आऱ्यांसारखे मांडलेलं आणि चार्ल्स मॅन्लीने हात फिरवलेलं. लँग्लीचं मोठं विमान त्याच वर्षी दोनदा नदीत कोसळलं आणि पुढचं श्रेय राइट बंधूंकडे गेलं. पण छोट्या विमानात बसलेलं ते इंजिन फोर-स्ट्रोक (दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होणारं; टू-स्ट्रोकमध्ये तो दर फेरीला होतो) होतं, ही गोष्ट मॉडेल उडवणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. आज दुकानात ‘टू-स्ट्रोकऐवजी फोर-स्ट्रोक घेतलं तर कुठल्या मापाचं घेऊ?’ असं विचारताना आपण टू-स्ट्रोकला मूळ आणि फोर-स्ट्रोकला पर्याय धरतो. वंशावळीत क्रम उलटा आहे.

इंग्लंडमध्ये डेव्हिड स्टँगरनेही हीच वाट धरली. १९१४ मध्ये त्याचं दोन पंखी विमान स्वतः घडवलेल्या, व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या फोर-स्ट्रोक इंजिनावर ५१ सेकंद उडालं. तो विक्रम १९३२ पर्यंत टिकला. अठरा वर्षं कुणाला तो मोडता आला नाही, याचं कारण मला इंजिनाच्या अंगातच दिसतं. फोर-स्ट्रोकला झडपा लागतात, त्या उघडायला कॅम लागतो, कॅमला अर्ध्या वेगाने फिरवणारे दाते लागतात. हे सगळं बोटाएवढ्या आकारात घडवणं म्हणजे घड्याळजीचं काम, आणि प्रत्येक भागाचं वजन विमानाच्या बोकांडी.

ते ओझं उतरवलं फिलाडेल्फियाच्या विल्यम ब्राउन या तरुणाने. त्याच्या टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नव्हत्या. पिस्टन वरखाली होतानाच सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांची उघडझाप करायचा. १९३३ च्या अमेरिकी राष्ट्रीय स्पर्धेत मॅक्सवेल बॅसेटने ब्राउनच्या इंजिनावर विमानं उडवली आणि रबराच्या पिळावर उडणाऱ्या विमानांना इतकं मागे टाकलं, की इंजिनाच्या विमानांचा गट वेगळा करावा लागला. १९३४ पासून ‘ब्राउन ज्युनियर’ बाजारात आलं. त्याच्या सिलिंडरचं आकारमान होतं सुमारे ०.६० घनइंच, म्हणजे जवळजवळ दहा सीसी. दशांशचिन्ह गाळून बोलायची सवय पुढे रुळली आणि इंजिन झालं ‘साठ’. आज ४०, ४६, ६०, ९१, १२० हे जे आकडे आपण कपड्यांच्या मापासारखे उच्चारतो, ते घनइंचाचे शंभरावे भाग आहेत. एक भाग म्हणजे ०.१६४ सीसी.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या एफएआयने पुढे इंजिनाची कमाल मर्यादा दहा सीसी ठेवली, आणि साठचं माप पक्कं झालं. १९४७ मध्ये रे आर्डेन यांचा ग्लो प्लग बाजारात आला. त्यातली प्लॅटिनमची तार मेथॅनॉलच्या सान्निध्यात स्वतःच तापलेली राहते. एकदा इंजिन सुरू झालं की बॅटरी काढून घ्यायची. ठिणगीसाठी लागणारी कॉइल, काँटॅक्ट पॉइंट सगळं गेलं. टू-स्ट्रोक आणखी हलकं झालं. रेडिओ नियंत्रण आलं, कसरतींच्या स्पर्धा वाढल्या, आणि जगभरच्या विमानांचे आराखडे साठच्या टू-स्ट्रोकभोवती आखले गेले. नाकाची लांबी, चाकांच्या पायांची उंची, इंधनाच्या टाकीची जागा, सगळं त्या एका इंजिनाला बेतून. आज फोर-स्ट्रोक बसवताना जी काटछाट करावी लागते तिचं मूळ इथे आहे.

मग फोर-स्ट्रोक परत का आलं? आवाजामुळे. मिनिटाला १३,००० फेरे घेणारं टू-स्ट्रोक सेकंदाला सुमारे २१७ वेळा फुटतं. कानाला तो आवाज किंचाळण्यासारखा लागतो, आणि वस्तीजवळच्या मैदानांवरून मॉडेलवाल्यांना बाहेर काढायला तेवढं कारण पुरतं. १०,००० फेऱ्यांवर फिरणारं फोर-स्ट्रोक सेकंदाला ८३ वेळाच फुटतं, कारण त्याचा स्फोट दोन फेऱ्यांतून एकदा होतो. स्वर खाली येतो, भरदार होतो. पायपर कबसारख्या विमानाच्या मॉडेलमधून तो आवाज आला की डोळे मिटूनही विमान खरं वाटतं. मला या छंदातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

फोर-स्ट्रोक परत आणण्याचं धाडस केलं ओसाकाच्या ओ.एस. इंजिन्सने. शिगेओ ओगावा यांनी १९३६ मध्ये सुरू केलेली ही कंपनी प्रयोगाला घाबरणारी नव्हती. १९७० मध्येच तिने मॉडेलसाठी वांकेल (पिस्टनऐवजी रोटर फिरणारं) इंजिन बनवून विकायला ठेवलं होतं. १९७६ मध्ये तिने एफएस-६० आणलं. निकोलाउस ओटोने जर्मनीत आपलं फोर-स्ट्रोक इंजिन चालवून दाखवलं ते १८७६ मध्ये, त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी. एफएस-६० च्या डोक्यावर झडपा हलवणारे रॉकर आणि पुशरॉड उघडेच हलताना दिसत. ग्लो प्लगचा प्रश्न वेगळा होता. एका फेरीत स्फोट, दुसरी फेरी रिकामी; त्या रिकाम्या फेरीत तार विझता कामा नये. म्हणून फोर-स्ट्रोकसाठी जास्त वेळ तापलेला राहणारा प्लग लागतो. वंगण मात्र टू-स्ट्रोकसारखंच इंधनात मिसळलेलं. त्यात कृत्रिम तेलाबरोबर अनेकदा एरंडेल असतं, कारण भयंकर तापमानातही एरंडेल धातूला धरून राहतं. 

इचिकावाच्या साइतो कंपनीने १९७९ मध्ये एफए-३० हे आपलं पहिलं फोर-स्ट्रोक काढलं. पाठोपाठ इतरही आले. लोकांनी कौतुकाने इंजिन घेतलं, साठच्या टू-स्ट्रोकसाठी बांधलेल्या विमानात साठचं फोर-स्ट्रोक बसवलं, आणि विमान जड पावलांनी उडालं. इथून दीडपटीचा हिशेब सुरू होतो.

वरवर पाहता हिशेब दुपटीचा असायला हवा. स्फोट निम्मे, तर ताकद निम्मी. पण टू-स्ट्रोक आपल्या सिलिंडरचा पुरा उपयोग करत नाही. जळालेला वायू बाहेर ढकलण्याचं काम नव्या मिश्रणालाच करावं लागतं, आणि त्या गडबडीत काही ताजं मिश्रण न जळताच निसटतं. फोर-स्ट्रोक एक पूर्ण धाव वायू बाहेर काढायला देतं आणि एक पूर्ण धाव श्वास घ्यायला. त्यामुळे त्याचा एकेक स्फोट भरीव असतो. ही भर धरली की दुपटीचा आकडा दीडपटीवर येतो. चाळीसच्या जागी साठ, शेहेचाळीसच्या जागी सत्तर, साठच्या जागी नव्वद. कंपन्यांच्या यादीत ७० आणि ९१ ही मापं दिसतात ती या दिडकीच्या पाढ्याशी जुळतात.

मग १२० कुठून आलं? ते नियमाचं अपत्य आहे. फोर-स्ट्रोकला स्पर्धेत उभं राहता यावं म्हणून एफएआयने कसरतींच्या गटात टू-स्ट्रोकला दहा आणि फोर-स्ट्रोकला वीस सीसी अशी मर्यादा केली. १.२० घनइंच म्हणजे १९.७ सीसी, मर्यादेच्या अगदी काठावर. नियमाने दुप्पट दिली तेव्हा फोर-स्ट्रोक टू-स्ट्रोकच्या पुढेच गेलं. जपानच्या वायएस कंपनीने क्रँककेसचाच, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीचाच, कॉम्प्रेसर करून सिलिंडरमध्ये हवा कोंबायला सुरुवात केल्यावर तर कसरतींच्या मैदानातून साठचं टू-स्ट्रोक दिसेनासं होत गेलं. नव्वदच्या दशकात आकारमानाची मर्यादाच उठली, पण १२० हे माप लोकांच्या तोंडी राहिलं.

ही कुळकथा ठाऊक असली की निवड करताना आकड्याचा धाक राहत नाही. दीडपट हा मधला आकडा आहे. शांतपणे उडणाऱ्या विमानाला सव्वापट पुरते: चाळीसच्या टू-स्ट्रोकसाठी बांधलेलं अडीच किलोचं प्रशिक्षण विमान ५२ च्या फोर-स्ट्रोकवर समाधानाने उडतं. सरळ वर चढायचं असेल, कसरती करायच्या असतील, तर दीडपटीच्याही वर जावं. पण कबसारख्या विमानाला कसरतींच्या विमानाचं इंजिन लावू नये. खऱ्या कबमध्ये ६५ अश्वशक्तीचं इंजिन असे आणि ते विमान तरंगल्यासारखं उडे. चौथ्या हिश्श्याच्या मापाचं, २.७ मीटर पंखांचं कब १२० च्या फोर-स्ट्रोकवर तसंच डौलाने उडतं. त्याहून मोठं इंजिन लावलं तर जादा वजन आणि धक्के सोसावे लागतात पंखांच्या सांध्यांना.

खरी निवड प्रोपेलरची असते. टू-स्ट्रोक छोटा प्रोपेलर जोरात फिरवतं, फोर-स्ट्रोक मोठा प्रोपेलर सावकाश. चाळीसच्या टू-स्ट्रोकवर दहा इंच व्यास आणि सहा इंच पिचचा (पिच म्हणजे एका फेरीत प्रोपेलर जेवढं पुढे सरकेल ते अंतर) प्रोपेलर असतो. १३,००० फेऱ्यांवर तो हवेला ताशी ११९ किलोमीटरच्या पलीकडे ढकलू शकत नाही. बारा इंच व्यासाचा, त्याच पिचचा प्रोपेलर ९,५०० फेऱ्यांवर फिरला तर ही मर्यादा ८७ वर येते, पण हवा कापणारं वर्तुळ ४४ टक्क्यांनी मोठं होतं. रुंद नाकाच्या, तारांनी बांधलेल्या जुन्या विमानांना हेच हवं असतं, कारण त्यांच्या नाकामागे लपणाऱ्या छोट्या प्रोपेलरची हवा वाया जाते. वेगवान विमानासाठी पिच वाढवून आठ इंच करावं लागतं. व्यास वाढवताना मात्र हात आखडता ठेवावा. ढोबळ हिशेबाने, तेच पिच आणि तेच फेरे कायम ठेवून व्यास दहाचा अकरा इंच केला तर ताकद जवळजवळ दीडपट लागते. इथे पुन्हा दीडपट भेटते, ती एका इंचापोटी.

मग जमीन. दहा इंचाचा प्रोपेलर अक्षापासून खाली १२.७ सेंटिमीटर येतो, चौदा इंचाचा १७.८. शेपूट उचलून विमान आडवं धरायचं आणि मोजायचं. गवताच्या मैदानावर काही सेंटिमीटर जास्तच सोडावे लागतात. ते नसतील तर चाकांचे पाय उंच करावेत किंवा इंजिन एका मापाने लहान घ्यावं.

फोर-स्ट्रोकचं डोकं उंच असतं आणि बहुतेकांचा कार्ब्युरेटर मागच्या बाजूला. पुढची भिंत टू-स्ट्रोकच्या हिशेबाने बांधलेली असेल तर तिथे जागा अपुरी पडते. वजनाचा प्रश्न मात्र विमानावर अवलंबून आहे. सॉपविथ कॅमलसारख्या आखूड नाकाच्या विमानात तोल साधायला नाकात शिसं भरावं लागतं. तिथे जड फोर-स्ट्रोक लाभाचं, शिशाऐवजी इंजिनच काम करतं. लांब नाकाच्या विमानात तेच वजन शेपटीत शिसं घालायला लावतं.

आपल्याकडे हवाही हिशेबात धरावी लागते. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. एप्रिलच्या दुपारी तापमान चाळीसला टेकलं की तिथली हवा १५ अंशांच्या समुद्रकाठच्या हवेपेक्षा सातव्या हिश्श्याने विरळ होते, आणि इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात घटते. आराखड्यावर छापलेली शिफारस अशा हवेचा विचार करून छापलेली नसते. दोन मापांमध्ये मन अडकलं असेल तर देशावर उडवणाऱ्याने वरचं घ्यावं, मुंबईच्या किनाऱ्यावर उडवणाऱ्याचं खालच्यावर भागण्याची शक्यता जास्त.

आता साइतोच्याच पेट्रोलवर चालणाऱ्या फोर-स्ट्रोकांवर घनइंच राहिलेले नाहीत. एफजी-१४, एफजी-२० यांतले आकडे सरळ सीसी आहेत. वीस सीसी म्हणजे १२०, असा सोपा हिशेब करून कुणी एफजी-२० घेतलं तर ते कमी पडतं. मेथॅनॉल तेवढ्याच हवेबरोबर कितीतरी जास्त प्रमाणात जळतं आणि बाष्प होताना मिश्रण थंड करतं, त्यामुळे त्याच सिलिंडरमधून जास्त ताकद मिळते. पेट्रोलचं वीस सीसी साधारण शंभरच्या ग्लो फोर-स्ट्रोकच्या बरोबरीला धरावं, आणि १२० ची ताकद हवी असेल तर त्यापुढचं माप पाहावं.