पोस्टडॉक-नेट-एआय

पोस्टडॉक-नेट-एआय हा जर्मनीतील एक अभ्यासदौऱ्यांचा उपक्रम आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात काम करणाऱ्या इतर देशांतील तरुण संशोधकांची जर्मन विद्यापीठे, संशोधनसंस्था, उद्योग आणि स्टार्टअप कंपन्यांशी ओळख करून देणे हा त्याचा उद्देश आहे. जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा (डीएएडी) ही संस्था हा उपक्रम चालवते. जर्मनीच्या संघीय शिक्षण व संशोधन मंत्रालयाच्या निधीतून तो सुरू झाला. सहभागी संशोधकांना 'एआयनेट फेलो' असे संबोधले जाते.

पार्श्वभूमी

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनात जर्मनीची परंपरा जुनी आहे. म्युनिकच्या संघीय लष्करी विद्यापीठातील एर्न्स्ट डिकमन्स यांनी १९८० च्या दशकात कॅमेऱ्यांच्या साहाय्याने स्वतः मार्ग शोधणाऱ्या मोटारगाड्या तयार केल्या. १९९५ मध्ये त्यांच्या गाडीने म्युनिक ते डेन्मार्कमधील ओडेन्से हा प्रवास बहुतांश स्वयंचलित रीतीने केला. जर्मन कृत्रिम बुद्धिमत्ता संशोधन केंद्राची (डीएफकेआय) स्थापना १९८८ मध्ये झाली. सेप होखरायटर यांनी १९९१ मध्ये म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात पदविका प्रबंध लिहिला. त्यातून पुढे आलेली 'एलएसटीएम' ही न्यूरल नेटवर्कची रचना त्यांनी युर्गेन श्मिडहुबर यांच्यासह १९९७ मध्ये प्रसिद्ध केली.

या शोधांचा व्यावसायिक लाभ मात्र मोठ्या प्रमाणात जर्मनीबाहेर गेला. एलएसटीएमचा भाषण-ओळख व यांत्रिक भाषांतरासाठी व्यापक वापर अमेरिकी कंपन्यांनी केला. श्मिडहुबर स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे, तर होखरायटर कालांतराने ऑस्ट्रियातील लिंत्स येथे गेले. संशोधन देशात आणि संशोधक व उद्योग देशाबाहेर, ही स्थिती जर्मन विज्ञानधोरणातील चर्चेचा नित्याचा विषय ठरली.

नोव्हेंबर २०१८ मध्ये संघीय सरकारने राष्ट्रीय कृत्रिम बुद्धिमत्ता धोरण जाहीर केले. त्यात २०२५ पर्यंत ३ अब्ज युरोंची तरतूद होती. २०२० मध्ये ती ५ अब्ज युरोंपर्यंत वाढवण्यात आली. १०० नवी प्राध्यापकपदे निर्माण करण्याचे उद्दिष्टही त्यात होते. परदेशी संशोधकांना आकर्षित करण्याच्या या धोरणात्मक प्रयत्नांचा एक भाग म्हणून पोस्टडॉक-नेट-एआयकडे पाहिले जाते.

स्वरूप

प्रत्येक दौरा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एखाद्या उपविषयाभोवती आखला जातो. पीएच.डी. अलीकडे पूर्ण केलेले किंवा तिच्या अखेरच्या टप्प्यात असलेले संशोधक त्यासाठी अर्ज करतात. सुमारे एका आठवड्याच्या कार्यक्रमात संशोधनगटांची सादरीकरणे, प्रमुख संशोधकांशी वैयक्तिक भेटी, कंपन्यांचा परिचय, तसेच जर्मनीतील निधी व नोकरीच्या मार्गांविषयी माहिती यांचा समावेश असतो.

कोविड-१९ च्या महासाथीमुळे प्रत्यक्ष प्रवास थांबल्यानंतर कार्यक्रमाचे रूपांतर 'आभासी नेटवर्किंग आठवड्या'त करण्यात आले. ऑनलाइन ओळख झालेल्या गटांना फेलोंनी नंतर प्रत्यक्ष भेट द्यावी, अशी जोडही त्याला देण्यात आली. दौऱ्यातील सहभाग म्हणजे नेमणूक नव्हे. पुढील संशोधनपदासाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी संशोधकाला स्वतंत्रपणे अर्ज करावा लागतो.

ओळखीचे महत्त्व

जर्मनीत पीएच.डी.नंतरच्या बहुतेक जागा एखाद्या प्राध्यापकाच्या अथवा गटप्रमुखाच्या निधीतून भरल्या जातात. अनेक शिष्यवृत्त्यांसाठीही यजमान गटाचे संमतिपत्र लागते. त्यामुळे कोणता गट कोणत्या प्रश्नावर काम करतो आणि त्याला कोणाची गरज आहे, हे जाणून घेणे परदेशी उमेदवाराला आवश्यक ठरते.

संशोधनव्यवस्थेची विभागणीही बाहेरच्या व्यक्तीला सहज उमगणारी नाही. विद्यापीठे अध्यापन व संशोधन करतात आणि पीएच.डी. पदवी देतात. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या माक्स प्लांक संस्थेची ८० हून अधिक केंद्रे मूलभूत संशोधनाला वाहिलेली आहेत. १९४९ मध्ये स्थापन झालेली फ्राउनहोफर संस्था उपयोजित संशोधन करते आणि तिच्या उत्पन्नाचा मोठा वाटा उद्योगांकडील करारांतून येतो. हेल्महोल्ट्झ संघटनेची १८ केंद्रे मोठी वैज्ञानिक उपकरणे चालवतात. त्यांपैकी युलिश येथील केंद्रात 'ज्युपिटर' या महासंगणकाचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. एकच संशोधक विद्यापीठातील प्राध्यापक आणि अशा संस्थेतील विभागप्रमुख असणे, हे येथे सर्वसामान्य आहे.

प्रमुख संशोधनकेंद्रे

राष्ट्रीय धोरणाअंतर्गत सहा सक्षमता केंद्रांचे जाळे उभे राहिले. विद्यापीठांशी संलग्न पाच केंद्रांना २०२२ पासून संघ व राज्ये मिळून कायमस्वरूपी निधी देतात.

* बायफोल्ड, बर्लिन: बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाशी निगडित, विदा-व्यवस्थापन व मशीन लर्निंग यांची सांगड.
* म्युनिक मशीन लर्निंग केंद्र: म्युनिकमधील लुडविग माक्सिमिलियन विद्यापीठ व तांत्रिक विद्यापीठ यांचे संयुक्त केंद्र.
* लामार संस्था: डोर्टमुंड, बॉन व सांक्ट आउगुस्टिन येथे कार्यरत, अभिनेत्री व संशोधक हेडी लामार यांच्या नावाने.
* स्कॅड्स.एआय: ड्रेस्डेन व लाइपझिश.
* ट्युबिंगेन एआय केंद्र: ट्युबिंगेन विद्यापीठ व माक्स प्लांक इंटेलिजंट सिस्टिम्स संस्था.
* डीएफकेआय: कायझर्सलाउटर्न, झारब्र्युकेन, ब्रेमेन, बर्लिन आदी ठिकाणी शाखा. सार्वजनिक व खासगी भागीदारीतून चालणाऱ्या या संस्थेत अनेक कंपन्या भागधारक आहेत.

श्टुटगार्ट व ट्युबिंगेन यांच्या दरम्यानचा 'सायबर व्हॅली' हा समूह डिसेंबर २०१६ मध्ये स्थापन झाला. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य, दोन्ही शहरांतील विद्यापीठे व माक्स प्लांक संस्था यांच्यासह बॉश, बीएमडब्ल्यू, पोर्शे आणि ॲमेझॉनसारख्या कंपन्या त्यात सहभागी झाल्या.

स्टार्टअप कंपन्या

प्रयोगशाळेतून कंपनीपर्यंतचा प्रवास दाखवणारे ठळक उदाहरण म्हणजे ब्यॉर्न ओमर यांचा संगणकीय दृष्टीविषयक गट. हा गट आधी हायडेलबर्ग विद्यापीठात होता आणि २०२१ मध्ये म्युनिकला गेला. मजकुरावरून चित्र तयार करणाऱ्या 'स्टेबल डिफ्यूजन' (२०२२) या प्रणालीचा पाया या गटाच्या संशोधनात होता. मात्र ती सर्वदूर नेण्यात लंडनस्थित स्टॅबिलिटी एआय या कंपनीचा वाटा मोठा राहिला. गटातील रोबिन रोमबाख आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये फ्रायबुर्ग येथे ब्लॅक फॉरेस्ट लॅब्स ही स्वतःची कंपनी स्थापन केली.

सेलोनिस (२०११) या कंपनीचे संस्थापक म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाचे विद्यार्थी होते. भाषांतरसेवा देणारी क्योल्नची डीपएल (२०१७) आणि मोठी भाषा-प्रारूपे विकसित करणारी हायडेलबर्गची अलेफ अल्फा (२०१९) या अन्य परिचित कंपन्या होत.

मर्यादा

अशा दौऱ्यांची सर्वांत मोठी मर्यादा त्यांच्या कार्यक्रमात नसून जर्मन विज्ञानक्षेत्रातील सेवाशर्तींत आहे. २००७ च्या वैज्ञानिक मुदतबंद करार कायद्यानुसार विद्यापीठांना पीएच.डी.पूर्वी सहा आणि पीएच.डी.नंतर सहा वर्षे (वैद्यकशास्त्रात नऊ) मुदतबंद करार करता येतात. अपत्यसंगोपनासाठी ही मुदत वाढते, तसेच बाहेरून मिळालेल्या निधीवर स्वतंत्र करारही होऊ शकतात. त्यानंतर कायम नेमणूक न मिळालेल्या संशोधकाला बहुधा विद्यापीठीय क्षेत्र सोडावे लागते. प्राध्यापकपदाखालील कायम जागा मोजक्याच असतात.

संशोधन मंत्रालयाच्या एका चित्रफितीत 'हाना' या काल्पनिक संशोधिकेच्या उदाहरणाने या कायद्याचे समर्थन करण्यात आले होते. त्याच्या निषेधार्थ जून २०२१ मध्ये 'मी हाना आहे' या अर्थाच्या हॅशटॅगखाली हजारो संशोधकांनी आपले अनुभव मांडले. कायद्यात दुरुस्ती करणाऱ्या विधेयकाला मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आघाडी सरकार कोसळल्याने ते मार्गी लागले नाही.

परदेशी संशोधकासाठी हा प्रश्न अधिक तीव्र ठरतो, कारण त्याचा निवास-परवाना सहसा कराराच्या मुदतीशी जोडलेला असतो. प्रयोगशाळेतील व्यवहार इंग्रजीत चालत असले, तरी विद्यापीठ-प्रशासन, घरभाडे व शासकीय कार्यालये यांच्याशी संबंध येतो तेथे जर्मन भाषेची गरज भासते. त्यामुळे दौऱ्यात उद्योग व स्टार्टअप यांचा समावेश केवळ शोभेपुरता राहत नाही; विद्यापीठातील मुदत संपल्यानंतर जर्मनीतच राहू इच्छिणाऱ्यांसाठी ते प्रत्यक्ष पर्याय असतात.

भारत व महाराष्ट्र

२०२३-२४ मध्ये जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत त्यांची संख्या सर्वाधिक होती. डीएएडीचे भारतातील कार्यालय नवी दिल्ली येथे आहे. मुंबई व श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरे आहेत, तर महाराष्ट्र व बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्यांत २०१५ मध्ये भागीदारी करार झाला. सायबर व्हॅली याच राज्यात आहे. मुंबई व पुणे येथील मॅक्स म्युलर भवनांत, तसेच पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात जर्मन भाषेचे शिक्षण उपलब्ध आहे.

हे सुद्धा पहा

* कृत्रिम बुद्धिमत्ता
* जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा
* माक्स प्लांक संस्था
* बाडेन-व्युर्टेंबर्ग