दारू सोडवायचीय? आधी हे वाचा

घरातला माणूस रोज पिऊ लागला की कुणी शपथ घालतं, कुणी माळ घालायला लावतं, कुणी खोलीत कोंडून ठेवतं. हेतू चांगलाच असतो. पण अनेक वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली, तर जिवावर बेतू शकतं.

व्यसन लागलंय का? हे चार प्रश्न विचारा

१) दारू कमी करायला हवी, असं कधी वाटलं का?
२) पिण्यावरून कुणी बोललं की राग येतो का?
३) प्यायल्याबद्दल मनाला खात राहतं का?
४) सकाळी उठल्या उठल्या घोट लागतो का?

दोन उत्तरं जरी 'हो' आली तरी डॉक्टरांना भेटा.

एकदम बंद केली तर काय होतं?

शरीराला दारूची सवय झालेली असते. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, नसलेली माणसं दिसतात, दिवस-रात्र कळत नाही. हे 'बाहेरचं' नाही, आजार आहे. देवऋषाकडे वेळ घालवू नका. फिट आली किंवा भास सुरू झाले की लगेच १०८ ला फोन करा. वेळेत औषधं मिळाली तर हा त्रास आटोक्यात येतो.

चहातून गुपचूप औषध नको

'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातींना भुलू नका. दारू सोडवायच्या काही गोळ्यांवर दारू प्यायली तर उलट्या होतात, धडधड वाढते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं आणि पेशंटला सांगूनच द्यायची.

मदत कुठे मिळेल?

• जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग
• व्यसनमुक्तीसाठी मोफत हेल्पलाइन १४४४६
• टेलिमानस १४४१६ : दिवसरात्र, मोफत, मराठीतूनही बोलता येतं
• अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका : फी नाही, नाव गुप्त राहतं
• पुण्यातलं 'मुक्तांगण' : १९८६ पासून सुरू असलेलं व्यसनमुक्ती केंद्र

घरच्यांनी एवढं करा

प्यायलेल्या माणसाशी वाद घालू नका. सकाळी शुद्धीवर असताना बोला. त्याची उधारी फेडत बसू नका. सोडल्यावर पुन्हा एखाद्या दिवशी प्यायला, तर सगळं वाया गेलं असं समजू नका. शुगर-बीपीसारखाच हा आजार उलटू शकतो. त्याला परत दवाखान्यात न्या.