दोघांचा समेट आणि तिसरा

एम.ए.च्या वर्गात असताना कोल्हापूरला एका चित्रपट मंडळात मी ग्रिफिथचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा १९१५ चा मूकपट पाहिला. शेवटाकडे एका झोपडीत काही गोरी माणसे अडकली आहेत, बाहेर काळे शिपाई दार फोडत आहेत आणि पांढऱ्या झग्यांतले घोडेस्वार दौडत येत आहेत. ते वेळेवर पोचावेत असे मला अगदी मनापासून वाटले! हे स्वार कू क्लक्स क्लॅनचे, काळ्यांना घराबाहेर ओढून मारणाऱ्या टोळीचे, हे ठाऊक असूनही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणवणाऱ्याची ती फजिती मी अजून विसरलेलो नाही.

अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चे. सहा लाखांहून अधिक माणसे त्यात मेली. १९१३ साली गेटिसबर्गच्या रणभूमीवर दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्या सैनिकांनी हस्तांदोलन केले. ग्रिफिथने हाच समेट पडद्यावर आणला. उत्तरेचे स्टोनमन, दक्षिणेचे कॅमरन आणि अखेरीस दोन घरांत दुहेरी सोयरीक. त्या झोपडीचे मालकही उत्तरेच्या फौजेतले दोन माजी शिपाईच आहेत. कालचे वैरी आज एकाच दाराला पाठ लावून उभे! पण त्यासाठी दाराबाहेर कुणीतरी हवा होता. तिथे नुकताच गुलामीतून सुटलेला काळा माणूस उभा केला गेला. (त्यातही महत्त्वाच्या काळ्या भूमिका तोंडाला काळे फासलेल्या गोऱ्या नटांनीच केल्या.)

साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळाचे एक दृश्य आहे. काळे सभासद मेजावर उघडे पाय टाकून बसलेत, कुणी दारू पीत आहे. आता याच राज्याची १८६८ ची घटना पाहा. ती करणाऱ्या सभेत काळ्यांचे बहुमत होते आणि त्या घटनेने सर्व मुलांसाठी सरकारी शाळांची तरतूद केली. आम्हा शाळामास्तरांना तरी हे कलम मोठे वाटते. पडद्यावर शाळा नाही, पाय तेवढे दिसतात.

फेब्रुवारी १९१५ मध्ये हा चित्रपट व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला. अध्यक्ष विल्सन स्वतः इतिहासकार. त्यांच्याच ग्रंथातले उतारे चित्रपटाच्या पाट्यांवर होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, बंद पडलेली क्लॅन जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर पुन्हा उभी राहिली.

'विदिन अवर गेट्स' हा १९२० चा चित्रपट ऑस्कर मिशो या काळ्या दिग्दर्शकाचा. त्यात झुंडीने फासावर दिलेले काळे कुटुंब आहे आणि शाळेसाठी पैसे जमवत हिंडणारी एक शिक्षिका आहे. त्याची प्रत कित्येक दशके हरवली होती; ती सापडली अखेर स्पेनमध्ये.