आपली बाराखडी फोनमध्ये कशी आली



श्रवणबेळगोळची यात्रा आपल्यापैकी बहुतेकींची झालेली आहे. बाहुबली भगवंतांच्या चरणांशी दगडात काही ओळी कोरलेल्या आहेत, त्या मात्र दर्शनाच्या गर्दीत बघायच्या राहून जातात. ही मूर्ती चामुंडरायांनी करवली, ही गोष्ट तिथे कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत लिहिलेली आहे. मराठी ओळ नागरी अक्षरांत आहे. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरची. कर्नाटकातल्या डोंगरावर मराठी ओळ कोरलेली पाहिली की वाटतं, लांबून येणाऱ्या यात्रेकरूला त्याच्या ओळखीच्या अक्षरांत वाचता यावं, एवढी काळजी कोणीतरी घेतली होती.

आता आपले फोन बघा. नातवंडं, सुना आणि आपल्यातल्याही कितीतरी जणी मराठी बोलतात, पण लिहिताना तीच मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात. मुलांना भाषेचं प्रेम उरलं नाही, असं आपण पटकन म्हणून मोकळ्या होतो. मी वाणिज्य शाखेची. एखादी सवय सगळ्यांनाच लागली की तिच्यामागे जमाखर्च काय होता, ते मी आधी बघते. ह्या सवयीचाही हिशोब आहे, आणि तो दोनशे वर्षं मागे जातो.

आपल्या आजे-पणजेसासऱ्यांच्या दुकानच्या वह्या कोणाच्या माळ्यावर अजून असतील तर उघडून बघा. अक्षर मोडी असेल. हात न उचलता भरभर लिहायची ती लिपी. हिशोब, पत्रव्यवहार, सरकारी कागद मोडीत, आणि ग्रंथ बाळबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत, अशी सरळ वाटणी होती. मग छापखाने आले. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं ते देवनागरीत, आणि १८१० मध्ये मराठीचा कोश छापला तो मोडीत. म्हणजे सुरुवातीला दोन्ही लिपींना छापखान्यात जागा होती. पण पुढे पुस्तकं बाळबोधीतच छापायची पद्धत पडली. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या देवनागरी खिळ्यांचं वळण इतकं सुबक होतं, की जुन्या पोथ्या-पुस्तकांत ते आजही ओळखू येतं. छापलेलं वाचायची सवय लागली तशी मोडी मागे पडत गेली आणि विसाव्या शतकाच्या मध्याला शाळेतूनही गेली. आज आपल्याच घरची वही आपल्याला वाचता येत नाही, त्यासाठी मोडीचा जाणकार शोधावा लागतो. यंत्रात ज्या अक्षराला जागा मिळत नाही, ते एका-दोन पिढ्यांत घरातूनही जातं. पुढची सगळी गोष्ट ह्या एका वाक्यात आहे.

छापखान्यात जागेची अडचण नव्हती. जुळाऱ्यासमोर खण असत, त्यात जोडाक्षरांचे, काना-मात्रांचे शेकडो खिळे असत. टाइपरायटरवर मात्र चाळीस-पंचेचाळीस कळांतच सगळी बाराखडी बसवायची होती. कॉलेजात असताना माझ्या बरोबरच्या मुली टंकलेखनाच्या परीक्षेला बसायच्या, मराठी तीस शब्द आणि मग चाळीस शब्द. तेव्हा कळलं की त्या यंत्रावर ख, भ, ध अशी अक्षरं सरळ उमटतच नाहीत. आधी अर्धं अक्षर उमटवायचं आणि मग काना देऊन ते पुरं करायचं. शिकलेल्या मुलीचा हात चालायचा, पण घरातल्या बाईने स्वतः बसून पत्र टाइप करावं, असं ते यंत्र नव्हतं.

संगणक आला तो इंग्रजी बोलतच. त्याला आपली अक्षरं शिकवायचं काम १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत झालं आणि पुढे ते पुण्याला आलं. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संस्था सुरू झाली. ह्या लोकांनी एक गोष्ट नेमकी हेरली. मराठी, गुजराती, कन्नड, बंगाली ह्या लिपी दिसायला वेगळ्या असल्या तरी क ख ग घ हा क्रम सगळीकडे एकच आहे. मग कळफलकही एकच का नको? १९८६ मध्ये ठरलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं आहेत. ज्या कळीवर मराठीचा क, तिच्यावरच कन्नडचा आणि गुजरातीचा क. १९९१ मध्ये भारतीय भाषांच्या अक्षरांसाठी सरकारी मानकही आलं.

पण बाजार मानकाची वाट बघत बसला नाही. गावोगावी पत्रिका, पुस्तिका, अहवाल जुळवून देणारी डीटीपीची दुकानं निघाली आणि प्रत्येक कंपनीने आपापला फाँट काढला. त्यातली युक्ती अशी. संगणकाच्या आत अक्षरं नसतात, आकडे असतात. ज्या आकड्यावर इंग्रजी अक्षर होतं, त्याच आकड्यावर ह्यांनी मराठी अक्षराचं चित्र बसवलं. संगणक समजायचा की आपण इंग्रजी अक्षर दाखवतोय, आणि आपल्याला दिसायचा क. शिवाय एका कंपनीचा क ज्या आकड्यावर, तिथे दुसऱ्या कंपनीचा भलताच कोणीतरी. म्हणजे एका दुकानात खातं क्रमांक ७५ किराणा मालाचं, दुसऱ्या दुकानात तोच क्रमांक उधारीचा. आपल्याच दुकानात बसलात तोवर सगळं ठीक. वही दुसऱ्याच्या हातात गेली की गोंधळ.

हा गोंधळ काय असतो ते आमच्या महिला मंडळाने गेल्या वर्षी बघितलं. दशलक्षण पर्वातल्या स्वयंपाकाची एक पुस्तिका मंडळाने १९९९ मध्ये काढली होती. आमच्यातल्या चार ज्येष्ठ बायकांनी सांगितलेल्या कृती त्यात आहेत. त्यातल्या तिघी आता नाहीत. पुस्तिका पुन्हा छापायची ठरली. जुनी सीडी सापडली, सगळ्यांना आनंद झाला. संगणकावर उघडली तर चौसष्ट पानं भरून इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं. तो फाँट आता कोणाकडेच नव्हता. जुन्या फाँटमधला मजकूर बदलून देणारी साधनं असतात, एकीच्या मुलाने तेही करून बघितलं, पण जोडाक्षरं सगळी विस्कटली. शेवटी एकीच्या घरी जपून ठेवलेली छापील प्रत मिळाली म्हणून निभावलं. दोन सुनांनी महिनाभर बसून ती पुन्हा पहिल्यापासून टाइप केली. वीस-पंचवीस वर्षांची सीडी वाचता आली नाही आणि कागद वाचता आला, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

ह्यावरचा उपाय मात्र तोवर जगात झालेला होता. त्याचं नाव युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यायचा, आणि तो सगळ्या यंत्रांनी पाळायचा. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला १२८ जागा दिल्या गेल्या, २३०४ पासून २४३१ पर्यंत. क चा क्रमांक २३२५, आपल्या लाडक्या ळ चा २३५५. पुण्यात, टोकियोत, कोणाच्याही फोनवर तोच. सगळ्या दुकानांनी एकच खातेवही मान्य केली म्हणा ना.

मराठीच्या काही खास गरजांची तिथे सोय करावी लागली. 'आचार्यांना वाढा' आणि 'आचाऱ्यांना वाढा' ह्यातला फरक आपल्या घरांत तरी कोणाला सांगायला नको! तो चंद्रकोरीसारखा अर्धा र मराठीला हवाच, आणि तो लिहिण्याची सोय ऱ ह्या अक्षराने झाली. ॲसिडिटी, ॲडमिशन ह्यांतला ॲ मात्र २००८ पर्यंत स्वतंत्र जागेशिवाय होता, अ वर चंद्र जोडून काम भागवायचं. त्या वर्षी त्याला २४१८ हा क्रमांक मिळाला. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या नोव्हेंबरात वर्णमालेचा निर्णय काढला, त्यातही ह्या स्वराला मान मिळाला. आणि ऐका, २०१४ मध्ये मोडी लिपीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली. छापखान्याने जिला बाहेर ठेवलं, तिला फोनच्या काळात घर मिळालं.

मग इतकं सगळं असताना आपण इंग्रजी अक्षरांत का लिहू लागलो? इथे हिशोब येतो. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला आणि इंटरनेट सर्वसामान्यांसाठी त्याच वर्षी १५ ऑगस्टला खुलं झालं. पुढे दहा-बारा वर्षांत एसएमएस घरोघरी पोचला. त्या एका एसएमएसची पिशवी ठरलेल्या मापाची. इंग्रजी अक्षर लहान जागा घेतं, म्हणून त्यात १६० अक्षरं मावतात. देवनागरी अक्षराला दुपटीहून जास्त जागा, म्हणून फक्त ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगळे मोजायचे. 'जय जिनेंद्र' म्हटलं की ७० पैकी ११ संपले. पर्युषणात क्षमा मागायची, तीही घरातल्या सगळ्यांच्या नावाने, तर एका निरोपाचे दोन-तीन निरोप व्हायचे आणि पैसेही तितकेच पडायचे. त्यातून समोरच्याच्या फोनमध्ये देवनागरी नसली तर त्याला नुसते चौकोन दिसायचे. अशा वेळी मुलांनी इंग्रजी अक्षरं धरली, ती काटकसर होती. गृहिणीने तरी तिला नावं ठेवू नयेत.

पण मैत्रिणींनो, ती अडचण संपून बरीच वर्षं झाली. व्हॉट्सॲपवर अक्षरं मोजून कोणी पैसे घेत नाही. आजच्या जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये मराठी कळफलक आहे. २०१७ पासून तर गूगलच्या कळफलकावर मराठीत नुसतं बोललं की अक्षरं उमटतात. खर्च गेला, सवय तेवढी राहिली. खर्च संपल्यावर चालू राहिलेल्या काटकसरीचा तोटा कोणाला होतो, ते मी माझ्या घरात बघितलं.

माझ्या सासूबाई नव्वदीच्या आहेत. शिक्षण चौथीपर्यंत, पण भिंग घेऊन रोज स्वाध्याय करतात, वर्तमानपत्रही वाचतात. नातू परदेशी गेल्यावर आम्ही त्यांना फोन घेऊन दिला. तो त्यांना आठवणीने लिहायचा, इंग्रजी अक्षरांत. त्या फोन माझ्यापुढे धरायच्या आणि म्हणायच्या, "बघ गं, काय म्हणतोय." वाचता येणाऱ्या बाईला स्वतःच्या नावाने आलेलं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागत होतं. पूर्वी लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका पोस्टमनला पत्र वाचून दाखवायला सांगायच्या, त्याची मला आठवण झाली. मी नातवाला एवढंच सांगितलं, "बाळा, आजीला मराठी अक्षरांत लिही." त्याला फोनमध्ये बदल करायला दोन मिनिटं लागली. आता सासूबाई त्याचा निरोप एकट्या वाचतात, दोनदा वाचतात, आणि काय लिहिलंय ते मला सांगतातच असं नाही!

म्हणून माझं सांगणं तीन गोष्टींपुरतं आहे. एक, मंडळाची, ट्रस्टची कुठलीही पुस्तिका निघाली तर जुळवणाऱ्याला मजकूर युनिकोडमध्येच करायला सांगा आणि ती फाइल मागून घ्या. छापलेल्या दोन प्रती वेगवेगळ्या घरी ठेवा. दोन, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना लिहायचं ते देवनागरीतच, हा नियम घरात करा. मुलं ऐकतात, कारण सांगितलं की नक्की ऐकतात. तीन, घरातल्या जाणत्या बाईला कृती, स्तवनं, नात्यागोत्याच्या गोष्टी बोलायला सांगा आणि फोनला लिहू द्या. फोन जोडाक्षरं चुकवतो, ती मागाहून दुरुस्त करा. आणि ते लिखाण चार जणींना पाठवून ठेवा.

चार जणींना का, तर आपल्या परंपरेतल्या अत्तिमब्बेंनी ते हजार वर्षांपूर्वी ओळखलं होतं. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती त्यांनी लिहवून घेतल्या आणि वाटल्या, असं सांगतात. एक प्रत कितीही जपली तरी वाळवी लागते, पाणी लागतं. हजार घरांत गेलेला ग्रंथ राहतो. आपल्याला लेखनिक बसवायला नकोत, ताडपत्रं नकोत. कळफलक तेवढा मराठीवर ठेवायचा आहे.

ज्यांना फोनमध्ये मराठी कळफलक सुरू करता येत नसेल त्यांनी घरातल्या मुलांना विचारा. नाहीतर माझ्याकडे या, चहा घेऊ आणि बसून करून टाकू.

जय जिनेंद्र.