कार्लाइलच्या संघाचा १९११ चा हंगाम

समाजाच्या उन्नतीचा विचार करताना आपण प्रथम आपल्याच पूर्वजांच्या इतिहासाकडे वळतो, हे स्वाभाविकच आहे. तथापि दूरदेशीच्या एखाद्या समाजाची कथाही आपणांस आपलेच प्रश्न अधिक स्पष्टपणे दाखवून जाते. अमेरिकेतील आदिवासी विद्यार्थ्यांच्या एका फुटबॉल संघाची अशीच कथा आम्ही ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल गावी, लष्कराच्या जुन्या बराकींत, रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ साली मूळनिवासी मुलामुलींसाठी एक निवासी शाळा स्थापिली. पाल्य तेथे येताच त्याचे केस कापीत, पोशाख बदलीत, त्यास इंग्रजी नाव देत आणि मातृभाषा बोलण्यास त्यास मनाई करीत. अर्धा दिवस अभ्यास व अर्धा दिवस सुतारकाम, शेती, शिवणकाम असा क्रम असे. मुलांना जगवावयाचे, परंतु त्यांच्यातील जमात मारावयाची, असाच या शिक्षणाचा हेतू होता. घरापासून शेकडो कोस दूर आलेली १८० हून अधिक मुले तेथील दफनभूमीत पुरली गेली.

ही शाळा पदवी देणारे महाविद्यालय नव्हती. तरीही तिचा फुटबॉल संघ देशातील थोर विद्यापीठांशी खेळे. हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. त्यात लांबट चेंडू हाती घेऊन धावतात आणि प्रतिपक्षाचे गडी धावणाऱ्यास अंगाला भिडून खाली पाडतात. १९११ च्या नियमांप्रमाणे तीन प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागे. चेंडू शेवटच्या रेषेपार नेल्यास पाच गुण, त्यानंतरच्या लाथेस एक व खेळ चालू असता खांबांमधून चेंडू मारल्यास तीन गुण मिळत. कार्लाइलचे गडी वजनाने हलके, परंतु चपळ होते. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास नियमाने मुभा मिळताच त्यांनी ती कला पुढील वर्षीच उत्तम साधली. ग्लेन वॉर्नर हे त्यांचे शिक्षक होते.

१९११ च्या हंगामात दोन वर्षे शाळेबाहेर राहिलेला जिम थॉर्प परत आला. तो ओक्लाहोमाकडील सॅक अँड फॉक्स जमातीचा. पिट्सबर्गचा १७-०, लाफायेटचा १९-० व पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा १६-० असा पराभव करून संघ ११ नोव्हेंबर रोजी हार्वर्डच्या क्रीडांगणात उतरला. १६३६ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ अमेरिकेतील सर्वात जुने. हार्वर्डच्या शिक्षकांनी आपले मुख्य गडी आरंभी बाहेरच बसविले. मध्यंतरास हार्वर्ड आघाडीवर होते. थॉर्पच्या दुखऱ्या पायास पट्टे बांधलेले होते. त्याच पायाने त्याने त्या दिवशी चार वेळा खांबांमधून चेंडू मारला. अखेरीस हार्वर्डचे मुख्य गडी मैदानात आले, पण वेळ निघून गेली होती. कार्लाइल १८, हार्वर्ड १५!

पुढच्याच आठवड्यात सिराक्यूजने त्यांना ११-१२ असे एका गुणाने हरविले. विजयाच्या कैफात सावधपणा सुटतो, तो असा. मात्र शेवटच्या सामन्यात त्यांनी ब्राउन विद्यापीठास १२-६ असे नमविले आणि बारांपैकी अकरा सामने जिंकून हंगाम संपविला.

१९१२ साली थॉर्पने स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळविली. पूर्वी बेसबॉल खेळून अल्प मोबदला घेतल्याच्या कारणावरून ती १९१३ मध्ये काढून घेण्यात आली. १९५३ मध्ये तो निवर्तला. १९८२ मध्ये पदके परत देण्याचा निर्णय झाला, आणि त्या दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव २०२२ मध्येच लागले. इकडे सामन्यांच्या तिकिटांतून आलेला निधी सरकारी तपासणीबाहेर होता. विद्यार्थ्यांनीच अर्ज केला. १९१४ मध्ये अमेरिकन काँग्रेसची चौकशी झाली आणि संघातील गस वेल्श याने आपल्याच शिक्षकाविरुद्ध साक्ष दिली. १९१८ मध्ये शाळा बंद पडली. साऱ्या मूळनिवासींना नागरिकत्व मिळाले ते १९२४ मध्ये.

या हंगामाकडे केवळ पराक्रम म्हणून पाहणे आम्हांस अपुरे वाटते. मैदानावर या मुलांना जी बरोबरी मिळे, ती मैदानाबाहेर मिळत नसे. टाळ्या वाजविणारे प्रेक्षक त्यांना नागरिक मानीत नव्हते. म्हणून त्या अकरा विजयांइतकेच मोल आम्ही विद्यार्थ्यांच्या त्या अर्जास देतो. मुले शिकावीत, परक्या विद्येत पारंगत व्हावीत, ही प्रत्येक समाजाची इच्छा असते. परंतु ती विद्या मुलाचे नाव आणि आईची भाषा किंमत म्हणून मागत असेल, तर हिशेब विचारण्याचे धैर्यही त्यास आपणच दिले पाहिजे. कार्लाइलच्या मुलांना ते कोणी दिले नव्हते. त्यांनी ते स्वतःच मिळविले.